आयतं बीळ

छापायला पाठवायचा जेलचा फोटो माझ्या विद्यार्थिनीने मला दाखवला तेव्हा दिवस कलला होता आणि दोघींनाही निघायची घाई होती. जेल म्हणजे आरएनएचे रेणू लांबीप्रमाणे वेगळे करणारी लिबलिबीत वडी, लांब रेणू वर राहतात, आखूड खाली जातात. फोटो नेटका होता. काळ्या पार्श्वभूमीवर काकडी मोझॅक या झाडांवरच्या विषाणूच्या दुपदरी आरएनएचे पांढरे पट्टे आपापल्या जागी होते. वर दोन जवळजवळ चिकटलेले, थोडी जागा सोडून तिसरा, त्याच्या बराच खाली चौथा. चौथ्याच्या लगेच खाली फोटो संपत होता. जेल इतकं आखूड नसतं. मी विचारलं, "खालचं कापलंस का गं?" "हो मॅडम. खाली एक जाड पट्टा आला होता, तुटका आरएनए असणार. ठेवला तर उगाच प्रश्न विचारत बसतील." तिने मूळ फोटो उघडला. अगदी तळाशी तो पट्टा होता, वरच्या चारही पट्ट्यांपेक्षा तेजस्वी, कडा रेखीव. तुटका आरएनए असा एका रेषेत कधी बसत नाही, त्याचा खालपर्यंत ओघळलेला डाग पडतो. हे तिलाही माहीत होतं. पण ज्या विषाणूवर काम चाललंय त्याच्या यादीत रेणू चार, तेव्हा पाचवा जो कोणी असेल तो कचरा, असा तिचा सरळ हिशेब. त्यात नमुना घेतलेलं तंबाखूचं रोप इतर रोपांच्या मानाने बरं दिसत होतं, त्यामुळे शंका यायला कारणच नव्हतं.

पट्टा फोटोत परत आला, मजकुरात त्याच्याबद्दल चार ओळी आल्या, प्रकरण मिटलं. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये कुटायची, खलातून उठणाऱ्या गार पांढऱ्या वाफेत बोटं बधिर करून घ्यायची, फिनॉलचा तो औषधी उग्र वास केसांत घेऊन फिरायचं, आणि एवढं करून हाती जे सगळ्यात जास्त लागलं तेच आधी कापून टाकायचं. मला पूर्वी शिकवणारे एक गृहस्थ म्हणायचे की काही रोगांत झाडाकडे बघून उपयोग नसतो, जेलच्या तळाशी बघा. तेव्हा ते मला नुसतंच चटपटीत वाक्य वाटलं होतं.

तो पट्टा म्हणजे उपग्रह आरएनए. काकडी मोझॅकच्या सोबतीने फिरणारे हे रेणू साधारण ३३० ते ४०० अक्षरांचे असतात. अक्षरं म्हणजे न्यूक्लिओटाइड, आणि लिपी चारच अक्षरांची. एवढ्याशा मजकुरात कुठल्याही कामाच्या प्रथिनाची कृती नसते. विषाणू पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढणारं विकर तयार करवून घेतो, आणि हा रेणू त्याच विकराकडून आपल्याही प्रती काढून घेतो. विषाणू आपल्यासाठी कवच बनवतो, हा त्याच कवचात बसतो. माव्याच्या सोंडेला चिकटून विषाणू पुढच्या झाडावर जातो, तेव्हा हाही त्याच फेरीत असतो. इतकं असून दोघांचं रक्ताचं नातं नाही. उपग्रहाची अक्षरं आणि त्या विषाणूची अक्षरं शेजारी मांडली तर म्हणण्यासारखं साम्य सापडत नाही. त्याला एकट्याला पेशीत सोडलं तर तो काही करू शकत नाही, पेशी त्याचे तुकडे करून मोकळी होते. हा परिच्छेद सुरू झाल्यापासून इथपर्यंत येता येता त्याची सगळी अक्षरं संपलीसुद्धा.

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण अशा वेळी जिभेवर येतेच. मीही वर्गात ती वापरली आहे, पोरं हसतात आणि मुद्दा लक्षात राहतो. हल्ली वापरताना थोडी कचरते. का, ते पुढे सांगते.

विषाणूच्या जिवावर वाढणारा विषाणू असू शकतो, हे पहिल्यांदा नीट दिसलं ते इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात. तंबाखू नेक्रोसिस विषाणूच्या नमुन्यांत मोठ्या कणांबरोबर खूप छोटे कणही दिसायचे. १९६० साली कसानिस आणि निक्सन यांनी दाखवलं की हे छोटे कण एकटे पानावर चोळले तर काहीच घडत नाही, मोठ्या कणांबरोबर चोळले की तेही वाढतात. चोळणं हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. पानावर कार्बोरंडमची बारीक भुकटी भुरभुरायची, रसात बुडवलेलं बोट हलक्या हाताने पानावरून फिरवायचं, इतक्या हलक्या की पेशी ओरखडली जाईल पण मरणार नाही, आणि मग पान पाण्याने धुवायचं. हे काम शिकवून येत नाही, बोटालाच ते कळावं लागतं. १९६२ साली कसानिस यांनी या छोट्या कणाला उपग्रह म्हटलं. पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरून त्याला पाचच वर्षं झाली होती, शब्द हवेत असणारच. या कणाच्या १२३९ अक्षरांत एकच जनुक आहे, ते कवचाच्या प्रथिनाचं. बाकी सगळं उसनं. नशिबात फक्त स्वतःचा अंगरखा शिवता येणं असावं, आणि तेवढ्यावर निभावून न्यावं, हे मला तेव्हापासून थोडं रुबाबदारही वाटत आलंय. आपल्या पट्ट्यातल्या रेणूकडे तर तो अंगरखाही नाही.

१९७२ साली फ्रान्सच्या अल्सास भागात टोमॅटोची झाडं मरायला लागली. काकडी मोझॅक टोमॅटोला नवा नव्हता. त्याने पानं चिंचोळी होत जातात, झाड खुरटतं, फळ नीट धरत नाही, पण झाड उभं राहतं. इथे शेंड्याकडून खोडावर तपकिरी रेघा उतरत होत्या आणि पाठोपाठ अख्खं झाड जात होतं. १९७७ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलमध्ये केपर आणि वॉटरवर्थ यांनी याचं उत्तर दिलं. विषाणू तोच नेहमीचा होता, मारत होता तो त्याच्याबरोबरचा पाचवा छोटा आरएनए. तो वगळला की टोमॅटो आजारी पडतो पण जगतो, परत मिसळला की मरतो. आता याच्या दुसऱ्या बाजूला गंमत अशी, की हाच उपग्रह इतर बऱ्याच झाडांत रोग सौम्य करतो. कारण उघड आहे. प्रती काढणारं विकर आहे तेवढंच आहे, आणि त्याचा बराचसा वेळ हा चिमुकला रेणू खातो. लहान मजकुराच्या प्रती भराभर निघतात, मोठ्या विषाणूच्या त्या मानाने कमी. विषाणू रोडावतो, झाडाला उसंत मिळते. आमच्या त्या बऱ्या दिसणाऱ्या रोपात नेमकं हेच चाललं होतं. टोमॅटोला मारणारा उपग्रह आणि टोमॅटोला सांभाळून घेणारा उपग्रह यांच्यात फरक असतो तो मोजक्या काही अक्षरांचा.

मग हा नेमका कुणाच्या बाजूचा?

हा प्रश्न मला कुणी विचारला की मी उत्तर देते, आणि दिलेलं उत्तर मलाच पटत नाही. मित्र म्हणावं तर टोमॅटो आठवतो. चोर म्हणावं तर ज्याची चोरी झाली तो विषाणू, आणि ती होऊन झाडाचं भलं झालं. आपण माणसं लक्षणांवरून चारित्र्य ठरवतो. पान हिरवं राहिलं की चांगला, करपलं की वाईट. त्या तीनशे-चारशे अक्षरांना मात्र टोमॅटो कुठला आणि तंबाखू कुठली हे ठाऊक असायचं काही कारण नाही.

काचघरात मी पाहिलेली सगळ्यात देखणी झाडं आजारी होती. काकडी मोझॅकचा वाय नावाचा एक उपग्रह आहे, तो तंबाखूत असला की पानं झगझगीत पिवळी होतात. साध्या मोझॅकचा तो मळकट हिरवा-फिका पट्टेरीपणा नाही, लिंबाच्या सालीचा धमक पिवळा. दमट, ओल्या मातीच्या वासाच्या त्या खोलीत दार उघडल्याबरोबर नजर तिकडेच जायची. पाहुणे हटकून त्याच कुंड्यांपाशी थांबत. एका बाईंनी तर ही शोभेची कुठली जात, एखादं रोप मिळेल का, असं विचारलं होतं. हा पिवळेपणा येतो कुठून याचा उलगडा बरीच वर्षं झाला नव्हता. ज्याला एकही प्रथिन बनवता येत नाही तो झाडाचं हरितद्रव्य कसा थांबवतो? २०११ साली जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे काम करून एकच उत्तर काढलं. झाडाकडे विषाणूंविरुद्धचं एक जुनं हत्यार आहे. परका दुपदरी आरएनए दिसला की त्याचे छोटे छोटे तुकडे करायचे, आणि ते तुकडे नमुना म्हणून वापरून तशी अक्षरं दिसतील तो आरएनए कापत सुटायचं. वाय उपग्रहाचेही असे तुकडे होतात. त्यातला एक, २२ अक्षरांचा, तंबाखूच्या हरितद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाच्या आरएनए-संदेशाशी जुळतो. झाड शत्रूचा नमुना हातात घेऊन आपल्याच घरात कापाकापी करतं, आणि पिवळं पडतं. त्या जनुकाची अक्षरं बदलून, म्हणजे प्रथिन तेच पण जुळणी होणार नाही अशी करून, झाडात घातली तर उपग्रह पेशीत असूनही पान हिरवं राहतं. हा शेवटचा प्रयोग मला फार आवडतो. उपग्रहाला हातही लावला नाही, विषाणूला लावला नाही, फक्त योगायोगाने जुळणारी अक्षरं जुळेनाशी केली.

पण तो योगायोग होता का? २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी याच कथेचा पुढचा भाग प्रसिद्ध केला, आणि तो वाचताना मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या. पिवळ्या पानांकडे मावा ओढला जातो, हे काही नवल नाही, पिवळा चिकट सापळा लावणाऱ्या कुणालाही ते ठाऊक आहे. या पिवळ्या तंबाखूवर पोसलेला मावा आधी लाल झाला. मग त्याच्या पिल्लांना पंख फुटू लागले. माव्याची वस्ती एरवी बिनपंखी मादीच्या जिवावर चालते, एका जागी बसून रस ओढायचा आणि पोरं घालायची. पंखवाले निघतात ते गर्दी झाली किंवा झाड खंगलं म्हणजे, दुसरीकडे जाण्यासाठी. इथे उपग्रहाचे तुकडे माव्याच्या शरीरात जाऊन त्याच्याही एका जनुकाचा आवाज बंद करत होते आणि पंखांचा मार्ग मोकळा होत होता. विचार करा, उपग्रह जितका वाढतो तितका त्याला पोसणारा विषाणू रोडावतो, म्हणजे हा आपलीच गाडी पंक्चर करत असतो. गाडी बंद पडण्याआधी दुसरं झाड गाठलं पाहिजे. आणि तेवढ्यात रंगही येतो, गिऱ्हाईकही येतं, आणि गिऱ्हाइकाला पंखही फुटतात. हे सगळं प्रथिनाशिवाय. मी सावध माणूस आहे, निसर्गाने योजना आखली वगैरे भाषा मला चालत नाही. पण त्या लाल माव्याचे फोटो बघताना ती भाषा दारात येऊन उभी राहिली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सौम्य उपग्रहाचा उपयोग करून घ्यायचा मोह माणसाला न होता तरच नवल. चीनमध्ये १९८० च्या दशकात सौम्य उपग्रह असलेला विषाणू मुद्दाम मिरची-टोमॅटोच्या रोपांना देऊन पुढचा कडक रोग टाळायचे प्रयत्न मोठ्या प्रमाणावर झाले. १९८७ साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात उपग्रहाची अक्षरं थेट तंबाखूच्या जनुकांत बसवली गेली, म्हणजे विषाणू आला की झाडाच्या घरचाच उपग्रह जागा होऊन त्याला खाली ओढेल. कल्पना इतकी सुंदर होती की तिच्यातली फट पटकन दिसू नये. आरएनएच्या प्रती काढताना चुका होतात आणि त्या तपासायला कुणी नसतं. १९९६ मध्ये एक शोधनिबंध आला, काकडी मोझॅकचा एक निरुपद्रवी उपग्रह वाढता वाढता आपणहून घातक होऊन बसल्याचा. मोजक्या अक्षरांचा फरक म्हटलं तो हाच. तेवढं अंतर ओलांडायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. शेतात असे उपग्रह सोडू नयेत असं मला वाटतं. झाडात बसवून झालेलं काम वाचताना तरी मन लगेच पुन्हा त्या कल्पनेच्या बाजूने झुकतं, हेही खरंच.

तंबाखू रिंगस्पॉट विषाणूचा उपग्रह या सगळ्या गोतावळ्यात माझा लाडका. श्नायडर यांनी १९६९ साली तो ओळखला. ३५९ अक्षरं. हा विषाणूच्याच कवचात बसतो, एकेका कवचात स्वतःच्या अनेक प्रती कोंबतो, आणि झाडावरची ती वलयं वलयं असलेली लक्षणं कमी करतो. पण त्याची खरी करामत प्रती काढण्यात आहे. हा पेशीत वर्तुळ होऊन राहतो. विकर त्या वर्तुळावरून थांबल्याशिवाय फिरत राहतं आणि एकापुढे एक जोडलेल्या प्रतींची लांबच लांब माळ बाहेर पडते. माळ योग्य जागी तोडायला काहीतरी हवं. १९८६ साली कळलं की तोडणारा कुणी वेगळा नाहीच. माळ स्वतःच घडी घालते, तीन दांड्या एका सांध्यात येतील अशी, आणि त्या सांध्यापाशी आपणहून तुटते. या घडीला हातोडीच्या डोक्यासारखी दिसते म्हणून हॅमरहेड म्हणतात. नुसता आरएनएही विकराचं काम करतो हे त्याआधी काहीच वर्षं कळलं होतं, इतक्या छोट्या आकारात मात्र ते इथे दिसलं. हे परीक्षानळीत बघता येतं. शुद्ध आरएनए, थोडं मॅग्नेशियम, प्रथिनाचा पत्ता नाही, आणि जेलवर एका लांब पट्ट्याच्या जागी दोन आखूड पट्टे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा नळीत काही पडलं असेल म्हणून सगळं नव्याने करायला लावलं होतं. पुन्हा दोनच पट्टे. ज्याला आपण ऐतखाऊ म्हणतो त्याच्या अंगात असलेली ही कला त्याच्या पोशिंद्याकडे नाही.

भुईमुगाचा रोझेट रोग आठवला की मात्र कौतुकाचा सूर घशात अडकतो. हा रोग आफ्रिकेतला. १९०७ साली तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, त्याची पहिली नोंद झाली, आणि १९७५ साली एकट्या नायजेरियात सुमारे ७ लाख हेक्टर भुईमूग त्याने नेला. झाड बुटकं राहतं, पानं आखडून शेंड्याशी गुच्छ होतो, शेंग धरत नाही. कारण शोधायला गेलं तर तीन जण हाती लागतात. पहिला, ज्याला साहाय्यक विषाणू म्हणतात, त्याच्याकडे कवच आहे आणि माव्यावरून जायची सोय आहे, पण तो एकटा भुईमुगात डोळ्याला दिसेल असं काही करत नाही. दुसरा विषाणू पेशीत वाढू शकतो, पण त्याला कवचच नाही, तो पहिल्याचं वापरतो, आणि एकट्याने केलाच तर जरासा फिका ठिपकेपणा करतो, तोही जातो. तिसरा सुमारे ९०० अक्षरांचा उपग्रह, वाढायला दुसऱ्यावर आणि प्रवासाला पहिल्यावर अवलंबून. १९८८ साली स्पष्ट झालं की रोझेटची लक्षणं मुख्यतः या तिसऱ्याची. बरं, तिसरा नसेल तर दुसऱ्याला पहिल्याच्या कवचात नीट बसता येत नाही आणि मावा त्याला नेत नाही. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं. रोग कुणाचा म्हणायचा? शेतकऱ्याला या प्रश्नाशी देणंघेणं नाही आणि ते बरोबरच आहे, त्याच्या वाफ्यात तिघांनी मिळून एकच गोष्ट केलेली असते.

डीएनएच्या जगातही हे नाटक चालतं. पांढऱ्या माशीवाटे पसरणाऱ्या बेगोमोव्हायरसांच्या सोबत बीटासॅटेलाइट नावाचे गोल डीएनए असतात, विषाणूच्या जेमतेम निम्मे, साधारण १३५० अक्षरांचे. मुलतानच्या आसपास १९६७ साली पहिल्यांदा दिसलेला आणि पुढे १९९० च्या दशकात पाकिस्तान आणि उत्तर भारतातल्या कापसावर कोसळलेला चुरडामुरडा रोग संशोधकांना बराच काळ चकवत राहिला. विषाणू सापडला होता, पण तो एकटा कापसाला दिला तर खरा रोग उमटेना. २००१ मध्ये बीटासॅटेलाइट जोडीला दिल्यावर उमटला. भेंडीच्या पिवळ्या शिरांचंही तेच. मुंबई इलाख्यातून त्या रोगाची नोंद १९२४ सालची आणि त्यामागच्या जोडगोळीचा पुरावा मदुराईहून आला २००३ साली. मधली जवळजवळ ऐंशी वर्षं आपण एकाच आरोपीकडे बघत होतो. या उपग्रहाकडे एक जनुक आहे आणि त्याचं ११८ अमिनो आम्लांच्या आसपासचं प्रथिन झाडाची कापाकापी करणारी संरक्षणयंत्रणा लंगडी करतं, पानांची घडण बिघडवतं, आणि किडींना दूर ठेवणारे झाडाचे संकेतही दाबतं, म्हणजे पांढऱ्या माशीला ते झाड आणखी गोड लागावं. जपानमध्ये इ.स. ७५२ मधली एका सम्राज्ञीची कविता जपून ठेवलेली आहे, ऐन उन्हाळ्यात रानातल्या एका झाडाची पिवळी पडत चाललेली पानं पाहून लिहिलेली. त्या झाडाच्या जातीत हा पिवळेपणा बेगोमोव्हायरस आणि त्याचा बीटासॅटेलाइट यांच्या जोडीने येतो, असं २००३ साली दाखवलं गेलं. झाडाच्या विषाणूरोगाची लिखित नोंद म्हणून याहून जुनी दुसरी माहीत नाही. सम्राज्ञीला तो रोग वाटला नसणार. तिला अवेळी गोठलेलं दहिवर आठवलं. मला त्या काचघरातल्या बाई आठवल्या, आणि त्यांच्यावर आम्ही मागून हसलो होतो ते जरा खटकलं.

म्हणीबद्दल कचरते म्हटलं त्याचं कारण इथवर आल्यावर सोपं होतं. बीळ मुळात कुणाचं? विषाणू तरी पेशीचीच यंत्रणा वापरतो, त्याने कुठे माती उकरली? आत आलेल्या पहिल्याला मालक म्हणायचं आणि दुसऱ्याला घुसखोर, ही मांडणी आपण आपल्या सोयीने केलेली. आणि हे फक्त झाडांत नाही. माणसाच्या यकृतात हेपॅटायटिस बी विषाणूच्या आधाराने वावरणारा डेल्टा विषाणू रिझेट्टो यांनी १९७७ साली शोधला. त्याचा सुमारे १७०० अक्षरांचा आरएनए गोल आहे, वनस्पतींतल्या या छोट्या गोल उपग्रहांसारखाच माळ काढतो आणि स्वतःला तोडतो. तो बीचं कवच पांघरतो. इथे सौम्यपणाचा प्रश्नच नाही, दोघं मिळून यकृताची नासाडी एकट्या बीपेक्षा जास्त करतात. समाधान एवढंच की बीची लस घेतलेल्या माणसात डेल्टाला पांघरायला काही मिळत नाही, त्याच्यासाठी वेगळी लस लागत नाही.

हे सगळे आले कुठून, यावर मी पूर्वी आवेशाने बोलायचे. कुणी म्हणतं विषाणूंच्याही आधीच्या, फक्त आरएनएच्या जगातले ते अवशेष, कुणी म्हणतं झाडाच्याच पेशीतून सुटलेले तुकडे. जोड दिसतो तो एखाद्यातच. टर्निप क्रिंकल विषाणूच्या सी नावाच्या उपग्रहात पुढचा भाग दुसऱ्या एका उपग्रहाचा आणि शेपूट विषाणूची, दोन मजकूर शिवल्यासारखे. बाकीच्यांच्या अंगावर शिवण सापडत नाही. २०२३ मध्ये मात्र या चर्चेचा आकारच बदलला. जगभरच्या माती-पाण्यापासून झाडांपर्यंतच्या नमुन्यांतून वाचून ठेवलेली आरएनएची अक्षरं संगणकावर चाळून त्यांत गोल, छोटे, स्वतःला तोडू शकतील अशा घडीचे रेणू शोधले गेले. ओळखायची खूण म्हणून ज्या घड्या वापरल्या त्यांत रिंगस्पॉटच्या उपग्रहात दिसलेला हॅमरहेडही होता. चार हजारांहून जास्त निरनिराळे प्रकार निघाले, तोवर माहीत असलेल्यांच्या कितीतरी पट. त्यातले बरेचसे असे आहेत की त्यांचं घर जिवाणूत आहे, बुरशीत आहे की आणखी कशात, आणि त्यांना कुणाची मदत लागते की नाही, हे नुसत्या अक्षरांवरून सांगता येत नाही. त्यासाठी कुणीतरी एकेक रेणू हातात घेऊन बसायला हवं, भुकटी भुरभुरून, बोट पानावर फिरवून, किंवा तो रेणू ज्यात राहत असेल त्यात काय चोळायचं ते आधी शोधून.